काळी थोरली की गोरी

पिपरटोल्याच्या केवळरामच्या घरी दोन आया होत्या. एक मोठी माय, सुलोचनाबाई. दुसरी नुसती माय, अनुसयाबाई. बाप उदाराम इंग्रज जायच्या आधीच वारला, पण त्याच्या दोघी बायका शेवटपर्यंत एकाच चुलीवर रांधत राहिल्या आणि एकाच ओसरीवर बसून मोहफुलं निवडत राहिल्या.

सुलोचनाबाईचं उदारामशी लग्न झालं तेव्हा तिला धड लुगडंही नेसता येत नव्हतं, इतकी ती लहान होती. बरीच वर्षं मूल झालं नाही, म्हणून उदारामने चिचगडकडच्या एका विधवेशी पाट लावला. ती अनुसयाबाई. वयाने ती सुलोचनाबाईहून चांगलीच मोठी होती. काहीजण म्हणत की उदारामहूनही मोठी. पण घरात आधी आली ती थोरली आणि मागून आली ती धाकटी, असा आमच्याकडचा हिशेब. सणावाराला कुंकू आधी थोरलीला लागायचं. दिवाळीला वयाने मोठी अनुसयाबाई वयाने लहान सुलोचनाबाईच्या पाया पडायची.

केवळराम अनुसयाबाईच्या पोटचा, पण मोठा झाला थोरलीच्या मांडीवर. लहान असताना त्याने आईला विचारलं होतं.

"माय, तू मोठी मायपेक्षा मोठी आहेस न?"

"हो, मोठी आहो."

"मंग तू तिच्या पाया काऊन पडतेस?"

"ते थोरली आहे म्हनून."

"अन् तू?"

"मी धाकटी."

"पन तू तं मोठी आहेस!"

"जा, बैलं पानी पेले का पाह्य," असं म्हणून अनुसयाबाईने त्याला हाकललं होतं. पुढे त्याचं लग्न झालं, शामकला सून म्हणून घरात आली, धानशेतीच्या बांध्या त्याच्या नावावर झाल्या, पण ही गोष्ट त्याच्या डोक्यात कधी नीट बसली नाही. केवळरामचा स्वभावच तसा होता. न समजलेली गोष्ट सोडून देणं त्याला जमायचं नाही. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, चालू असताना रोपांची पेंडी हातात धरून तो मध्येच थांबायचा आणि शेजारच्याला काहीतरी विचारायचा. लोक कंटाळायचे. पण माणूस भला, म्हणून उत्तरही द्यायचे.

गावाच्या पूर्वेला, नाल्याच्या काठी, येनाच्या म्हणजे ऐनाच्या झाडाखाली दोन दगड आहेत. एक काळा, उन्हात चकाकणारा. दुसरा गुलाबी-पांढरा, जाड दाण्यांचा, जणू कोणी जवारी थापून वाळवली आहे. काळी माय आणि गोरी माय. दोघी बहिणी. काळी थोरली, गोरी धाकटी, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. गावात दोन टोले, दोन वस्त्या. वरच्या टोल्याची काळी, खालच्या टोल्याची गोरी. दिवाळीनंतर गावची मंडई, आमच्याकडची जत्रा, भरते त्या सकाळी दोघींना दूध-पाणी घालतात. आधी काळीला, मग गोरीला. काळीला पाणी घालायचा मान केवळरामच्या घराचा. गोरीचा मान दुलीचंदच्या घराचा. दुलीचंदची खालच्या टोल्यात शेती होती आणि सालेकश्याच्या बाजारात छोटं किराणा दुकान. माणूस बोलका आणि थोडा फटकळ. दरवर्षी आपली पाळी यायची वाट पाहत लोटा धरून उभं राहायचं, हे त्याला लहानपणापासून टोचत होतं.

पहिलं मतदान झालं त्या हिवाळ्यात सालेकश्याजवळच्या आमराईत तंबू लागले. भूगर्भ खात्याचे एक साहेब आले होते, नागपूरचे केशोराव. दिवसभर हातोडी घेऊन रानात हिंडायचे. वाटा दाखवायला त्यांना माणूस हवा होता. धान कापून झाला होता, म्हणून केवळराम गेला.

केशोराव येनाच्या झाडापाशी आले तेव्हा केवळराम दगडांच्या पुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, याले हातोडी नोका लावू जी. ह्या माया आहेत."

"नाही लावत," केशोराव म्हणाले. त्यांनी जोडे काढले, दोन्ही दगड वाकून पाहिले आणि हात न लावता उठले. मग थोडं खाली नाल्यात उतरले. तिथे पाण्याने धुतलेला मोठा खडक उघडा पडला होता. बराच वेळ ते त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी केवळरामला हाक मारली.

"इकडे या. काय दिसतं?"

गुलाबी दगडात काळ्या दगडाचे तुकडे रुतलेले होते. काही मुठीएवढे, काही ढेपेएवढे, कडा फुटक्या.

"काळे गोटे दिसतेत," केवळराम म्हणाला.

"काळा दगड इथे आधी होता. गोरा मागून आला, खालून, तापून पातळ झालेला. येताना त्याने काळ्याला फोडलं आणि त्याचे तुकडे आपल्या पोटात घेतले. खिचडीत डाळ दिसली, तर डाळ खिचडीच्या आधीची की नंतरची?"

"आधीची."

"तसंच हे."

केवळरामच्या चेहऱ्यावर हसू आलं. "म्हंजे काळीच थोरली!"

"थोरलीच."

"कित्ती थोरली जी?"

केशोरावांनी मान हलवली. "ते नाही सांगता येत. आधी कोण आणि मागून कोण, एवढंच दगड सांगतो. मध्ये चार दिवस गेले की कोटी वर्षं गेली, ते तो बोलत नाही."

केवळराम खूश होता. पण नाला चढून वर येईपर्यंत त्याचं हसू कमी झालं.

"साहेब, बहीन बहिनीले फोडून येते का जी?"

"बहीण मी नाही म्हटलं, केवळराम."

"आमी म्हनतो."

केशोराव चालू लागले. वाटेत ते आपल्या कामाबद्दल बोलत राहिले. चिचगडच्या रानातही असाच काळा दगड होता. तो इथलाच की वेगळा, हे त्यांना जुळवायचं होतं. मध्ये सगळं जंगल, माती, शेतं. खाली काय आहे ते दिसत नाही.

"मंग जुळवता कसे?"

"दोन गावांतल्या दोन म्हाताऱ्या आपापल्या जन्माच्या गोष्टी सांगतात असं समजा. दोघींच्या गोष्टीत रोगाची एक मोठी साथ येते. मग आपण म्हणतो, ती साथ एकच. तिच्या आधीचं एका बाजूला ठेवा, नंतरचं दुसऱ्या बाजूला ठेवा. दोघींच्या गोष्टी शेजारी मांडता येतात. मी दगडात तशी साथ शोधतो."

"अन् साथ दोनदा आली असन तं?"

केशोराव थांबले. त्यांनी केवळरामकडे पाहिलं आणि म्हणाले, "तर मी चुकलो."

साहेब असून चुकलो म्हणतात, हे केवळरामला नवीन होतं. घरी येऊन त्याने सगळं सांगितलं. वरच्या टोल्यात आनंद झाला. सरकारने सांगितलं, काळी थोरली! दुलीचंदला ते कळलं तेव्हा तो म्हणाला, "सरकारनं मोजलं का? नुसतं पाहून सांगतलं न? पाहून तं मीबी सांगतो." बोलणं तिथेच राहिलं. मंडईत आधी काळी, मग गोरी, असंच चालू राहिलं.

मधल्या वर्षांत बरंच इकडचं तिकडे झालं. आमचा भंडारा जिल्हा मध्यप्रदेशात होता, तो एका दिवाळीच्या सुमारास मुंबई राज्यात गेला. नागपूर राजधानी होतं, ते राहिलं नाही. केवळरामने त्याबद्दलही लोकांना पुष्कळ विचारलं. आपण गेलो की मुंबई आली? पण त्याचं समाधान होईल असं कोणी बोललं नाही.

मुंबई राज्यात गेल्यानंतरच्या हिवाळ्यात केशोराव पुन्हा आले. केस पांढरे झाले होते. या वेळी त्यांना दोन्ही दगडांचे तुकडे हवे होते.

"आता मोजता येतं," त्यांनी केवळरामच्या ओसरीवर बसून सांगितलं. "किती वर्षं झाली ते."

"कसं जी?"

"महादेवाच्या पिंडीवर गळती टांगतात ना? थेंब थेंब पाणी पडतं, ठरलेल्या गतीने. खाली भांडं ठेवलं आणि त्यात किती पाणी साचलं ते मोजलं, तर गळती कधी टांगली ते सांगता येईल की नाही?"

"येईन."

"दगडात काही बारीक कण असतात. त्यांच्यातला एक पदार्थ असाच थेंब थेंब बदलत राहतो आणि दुसराच होतो. त्या दुसऱ्याला मोजायचं. यंत्र इथे नाही, परदेशात आहे. तिकडे धाडावं लागेल."

दोघी म्हाताऱ्या दाराशी बसून ऐकत होत्या. शामकला चहा घेऊन आली होती, तीही तिथेच थांबली.

"मायले तोडसान का?" सुलोचनाबाईने विचारलं.

"नाही बाई. नाल्यातला तुकडा पुरे. तोच दगड आहे तो."

केवळराम अडखळला. "तोच आहे म्हनता, तं मंग ते बी मायच झाली न?"

केशोराव सुलोचनाबाईकडे पाहू लागले.

"येनाखाली आहे ते माय," सुलोचनाबाई ठामपणे म्हणाली. "नाल्यात आहे तो दगड."

"काऊन? शेंदूर लावला ते माय, अन् नाई लावला तो दगड?" अनुसयाबाई म्हणाली.

"हो."

"मंग शेंदूर तं आपल्या सासऱ्याच्या आज्यानं लावला. त्याच्या आधी ते काय होती?"

"तू मध्ये नोको बोलू."

"मी कायले बोलू? मी धाकटी."

दोघींचं असं बराच वेळ चाललं आणि चुलीवरचा भात करपला. शेवटी तुकडा द्यायचा की नाही ते मायांनाच विचारायचं, कौल लावायचा, असं ठरलं. दुलीचंदलाही बोलावलं. दोन्ही मायांच्या ओल्या अंगावर तांदळाचे दाणे चिकटवले. काळीचा उजवा दाणा लगेच गळला, म्हणजे होकार. गोरीचे दाणे मात्र गळेनात. दुलीचंद वाट पाहून पाहून कंटाळला. उन्हाने दाणे वाळले, तरी चिकटलेलेच. तेव्हा तो म्हणाला, "नाई म्हनत नाई, म्हंजे हो म्हनते," आणि उठला. केशोरावांनी नाल्यात नारळ फोडला आणि मग हातोडी चालवली. दोन तुकडे दोन पिशव्यांत बांधून ते गेले.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी, लवकर पिकणारा हलका धान कापणीला आला असताना, केशोराव परत आले ते सरळ बांधीवर. दुलीचंद त्या दिवशी बंधाऱ्याच्या पाण्यावरून काही बोलायला आला होता. तोही तिथे होता.

"आलं उत्तर," केशोराव म्हणाले. त्यांच्या बोलण्यात आनंद नव्हता. "शंभर कोटी वर्षांच्याही पलीकडचे आहेत दोन्ही."

केवळरामला शंभर कोटी म्हणजे काय ते कळलं नाही, पण ते त्याने बाजूला ठेवलं. "अन् थोरली?"

"तिथेच अडचण आहे. मोजणीत काळी धाकटी निघाली."

केवळरामच्या हातातला विळा तसाच राहिला. दुलीचंद मोठ्याने हसला.

"आता मोजलं न सरकारनं?"

"थांबा, पुरतं ऐका..." केशोराव म्हणाले. पण दुलीचंद बांधाबांधाने निघालाही होता. तो खालच्या टोल्यात पोचायच्या आधी बातमी पोचली असावी, असं वाटण्याइतका त्याचा आवाज होता.

केवळरामने केशोरावांना विचारलं, "पन साहेब, काळीचे तुकडे गोरीच्या पोटात आहेत! तुमीच दाखवले. डाळ खिचडीच्या मागून कशी येईन?"

"येऊ शकत नाही."

"मंग मोजनी चुकली?"

"दोनदा मोजली. चुकली नाही म्हणतात."

"मंग डाळ?"

केशोराव बांधावर बसले. "मला काय वाटतं ते सांगतो. खात्री नाही. ती गळती आठवते? समजा खालचं भांडं कोणी लाथेने सांडलं आणि तसंच परत ठेवलं. आता मोजाल तर पाणी सांडल्यापासूनचा काळ निघेल. टांगल्यापासूनचा नाही. दगड फार तापला की तसंच होतं. साचलेलं निघून जातं. काळी कधीतरी तापली असेल आणि तिचं भांडं रिकामं झालं असेल."

"अन् गोरी नाई तापली?"

"तीही तापली असेल. पण तिच्यातला जो कण मोजला तो चिवट आहे, साचलेलं सोडत नाही. काळीतला कण हलका. त्याने सोडलं."

"म्हंजे काळीची उमर पुसून गेली."

"मोजणीपुरती."

"मंग ते जन्मली कधी?"

"आता ते कळत नाही."

त्या दिवशी केशोराव गेले आणि गाव पेटलं. गुरं जमतात त्या आखरावर बैठक बसली. खालचा टोला म्हणे, यंदा मंडईत गोरीला आधी पाणी. वरचा टोला म्हणे, साहेबाने पहिल्यांदा सांगितलं तेच खरं. केवळरामला उभं केलं. त्याने गळतीची गोष्ट सांगायला सुरुवात केली, पण भांडं कोणी सांडलं यावरच लोक अडकले. एकाने विचारलं की काळी मायचं भांडं सांडणारा कोण एवढा मोठा. केवळरामला ते सांगता येईना. वरच्या टोल्याचे लोक चिडले की तू आमचा असून असा कसा बोलतोस. खालच्या टोल्याचे म्हणाले की तू गोल गोल फिरवून राहिला.

दोन दिवसांनी तो मोटारीने देवरीला गेला. केशोरावांचा मुक्काम तिथे होता. रस्त्याकडेच्या खोलीत टेबलावर, खाटेवर, जमिनीवर दगडच दगड मांडलेले होते. चिचगडचे, सालेकश्याचे, पलीकडच्या डोंगरांचे.

"साहेब, मले एकच सांगा जी. मंडई आली. पानी कोनाले आधी घालू?"

"ते मी कसं सांगू, केवळराम?"

"तुमी सांगतलं म्हनून तं झालं हे."

केशोरावांनी चष्मा काढून पुसला. "चिचगडच्या काळ्या दगडाचीही मोजणी आली. तो आणखीच तिसरा आकडा दाखवतो. मी इतकी वर्षं हे दोन्ही एकच म्हणून जुळवत होतो. आता एक आहेत की नाहीत, मला माहीत नाही. पुष्कळ लिहिलं होतं मी. ते सगळं परत पाहावं लागेल." मग थोडं थांबून ते म्हणाले, "तुम्ही गोंधळलात तसा मीही गोंधळलो आहे. पण मी खोटं नाही बोललो. तेव्हाही नाही, आताही नाही."

केवळरामला त्यांचा राग आला नाही. उलट, त्या खोलीत इतके दगड मांडून बसलेला माणूस पाहून त्याला वाईट वाटलं. शामकलाने बांधून दिलेले लाखोळीच्या डाळीचे वडे त्याने तिथेच ठेवले आणि तो परत आला.

घरी त्याने जेवताना सगळं सांगितलं. सुलोचनाबाईने एवढंच विचारलं, "म्हंजे थोरली कोन?" अनुसयाबाई भात वाढत होती. ती थांबली.

"तापली अन् उमर पुसली, असं म्हने का साहेब?"

"हो माय."

"माह्यंबी तसंच झालं," अनुसयाबाई म्हणाली. "माह्यं पयलं लगन झालं होतं. संसार केला होता. एक लेक झाली होती, मेली. मंग तो मेला. तुया बापासंग पाट लागला, त्या दिवशी समदं गेलं. या घरी कोनी मले इचारलं नाई का तू किती वर्सांची. पाट लागला तठूनच मोजलं."

केवळराम ताटावर बसून होता. आपल्याला एक बहीण होती, हे त्याने आज पहिल्यांदा ऐकलं होतं. त्याने विचारायला तोंड उघडलं, पण काय विचारायचं तेच त्याला सुचेना. सुलोचनाबाई उठली, तिने अनुसयाबाईच्या हातातला भाताचं पातेलं घेतलं आणि स्वतः वाढायला लागली.

मंडईचा दिवस आला. पाहुणे आले, दंडारीच्या नाटकाची मंडळी आली, येनाखाली दोन्ही टोल्यांचे लोक जमले. केवळराम लोटा घेऊन उभा होता. दुलीचंदही लोटा घेऊन उभा होता. सगळे केवळरामकडे पाहत होते, कारण सुरुवात त्याने करायची. त्याने काळीकडे पाहिलं. मग गोरीकडे पाहिलं. हात पुढे केला आणि मागे घेतला.

"घाल न!" वरच्या टोल्यातून आवाज आला.

"दुलीचंद," केवळराम म्हणाला, "मले समजून नाई राहिलं. तुले समजलं का?"

दुलीचंद लगेच बोलणार होता. पण केवळरामचा चेहरा पाहून तो थांबला. "मलेबी पुरतं नाई समजलं," तो हळूच म्हणाला. "पन लोकं पाहून राहिले."

"मंग यंदा तू घाल."

दुलीचंदने ऐकलं ते त्याला खरं वाटलं नाही. त्याने परत विचारलं. केवळरामने मान हलवली. दुलीचंदने गोरीला पाणी घातलं, पण इतक्या घाईने की अर्धं पाणी काळीवर सांडलं. मग काय, भांडणच भांडण. वरचा टोला म्हणे, पाणी आधी काळीवर पडलं. खालचा म्हणे, लोटा गोरीवर धरला होता. वरच्या टोल्यातले काही लोक त्या दिवशी मंडईत जेवले नाहीत आणि केवळरामशी पुढे बरेच महिने बोलले नाहीत. शेवटी दोन्हीकडच्या जाणत्यांनी ठरवलं की एक साल काळीला आधी, एक साल गोरीला. ते ठरलं खरं, पण यंदाचं साल कोणाकडे धरायचं यावर एकमत झालं नाही.

पुढच्या पावसाळ्यात अनुसयाबाई गेली. चार दिवस ताप आला आणि गेली. कोतवाल नोंद करायला आला, त्याने वय विचारलं. केवळरामला खरोखर माहीत नव्हतं.

"सत्तर लिहू का?" कोतवालाने विचारलं.

"माह्यापेक्षा मोठी होती," आतून सुलोचनाबाई म्हणाली.

कोतवाल गोंधळला. "धाकटी न बाई ते?"

"धाकटी होती. अन् मोठीबी होती. लिव्ह काय लिव्हाचं ते."

मग ती बाहेर आली. अंगणात अनुसयाबाईला ठेवलं होतं. सुलोचनाबाईने वाकून तिच्या पायांवर डोकं टेकलं. गावातल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. थोरलीने धाकटीच्या पाया पडल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. केवळरामने ते पाहिलं आणि तो घराच्या मागे जाऊन रडला. पुढे अनेक दिवस सुलोचनाबाई एकाच्या जागी दोन ताटं वाढायची आणि मग दुसरं उचलून ठेवायची.

महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याचे दिवस होते, केवळरामला सालेकश्याच्या स्टेशनवर केशोराव भेटले. नोकरी संपली होती, सामान घेऊन नागपूरला निघाले होते. गाडीला वेळ होता. त्यांनीच सांगितलं की काळ्या दगडातला दुसरा एक चिवट कण आता मोजला आहे. तो गोरीपेक्षा जुना निघाला, बराच जुना.

"म्हंजे काळी थोरली?"

"बहुतेक. पण हा कण काळीतच जन्मला की तिच्याही आधीच्या कुठल्या दगडातून वाहत येऊन तिच्यात बसला, ते पाहायचं आहे. आता ते दुसरं कोणी पाहील."

गाडी आली, केशोराव खिडकीतून हात हलवत गेले. केवळराम बाजारात दुलीचंदच्या दुकानात जाऊन बसला आणि त्याला सगळं सांगितलं. दुलीचंदने हातातला तराजू बाजूला ठेवला.

"यंदा मंडईले पाळी कोनाची?" त्याने विचारलं.

"गोरीची म्हनतेत."

"मंग मंडई होऊ दे. मंग सांग लोकाईले."

केवळरामला ते पटलं. दोघांनी चहा घेतला. पाऊस आला, रोवणा झाला, दिवाळी आली, मंडईही झाली. लोकांना सांगायची वेळ आली, तेव्हा केशोरावांनी नेमकं काय म्हटलं ते केवळरामला आठवेना. काळी जुनी, की तिच्यातला कण जुना, की कण दुसऱ्याच कोणाचा? त्याने त्या वेळी घरी येऊन सुलोचनाबाईला सांगितलं होतं, म्हणून तिला जाऊन विचारलं.

"मले तं तू सांगतलं का दोघीबी जुळ्या आहेत," सुलोचनाबाई म्हणाली.

"मी असं म्हनलो?"

"म्हनलास न."

केवळराम ओसरीवर उभा राहून विचार करू लागला. शामकलाने अजून उभ्या असलेल्या भारी धानाच्या बांधीत पाखरं बसल्याचं ओरडून सांगितलं, तेव्हा त्याने गोफण उचलली आणि तो शेताकडे गेला.